पिक्सेल हलला की टेस्ट बिघडली? ग्राफिक्स प्रोग्रामच्या टेस्टिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ओपन सोर्स ग्राफिक्स प्रोग्रामला हातभार कसा लावायचा यावर लिहिलं होतं. त्यात जाताजाता एक ओळ होती, की बग दुरुस्त करण्याआधी त्याची टेस्ट लिहा. बाकी लेख राहिला बाजूला आणि त्या एका ओळीवरच प्रश्नांचा ढीग आला. टेस्ट म्हणजे प्रोग्राम नीट चालतोय का ते आपोआप तपासणारा छोटा कोड. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामचे प्रश्न सगळ्यात जास्त, म्हणून उत्तरंही मुख्यतः इंकस्केप धरूनच देतेय, मध्ये एक ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामचा प्रश्न आहे.

प्रश्न : ताई, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंकस्केपमध्ये मला एक क्रॅश सापडला, रिकामा पाथ असलेली फाइल पीएनजीला एक्सपोर्ट केली की प्रोग्राम बंद पडायचा. तीन ओळींचा फिक्स आहे आणि चालतोय. मर्ज रिक्वेस्ट (माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकली तर लगेच कॉमेंट आली, रिग्रेशन टेस्ट कुठंय. फिक्स तीन ओळींचा आणि टेस्टसाठी दोन दिवस घालवायचे, याला काय अर्थ आहे? मी डोळ्यांनी बघितलंय की चालतंय.

उत्तर : तू आज बघितलंस, तुझ्या लॅपटॉपवर बघितलंस, आणि तुला काय बघायचंय ते माहीत होतं म्हणून बघितलंस. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी तो कोड साफसूफ करायला घेईल, तुझ्या तीन ओळी कशासाठी आहेत ते त्याला कळणार नाही, हा इफ (ही अट) इथे उगाचच पडलाय म्हणून तो काढून टाकेल आणि क्रॅश परत हजर. काल चालणारी गोष्ट आज बिघडली की तिला रिग्रेशन म्हणतात. टेस्ट असली की तुझा इफ काढणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं, नसली तर सहा महिन्यांनी कुणा युजरला कळतं, तेही त्याचं काम अडलेलं असताना.

ग्राफिक्स प्रोग्रामला याची गरज जरा जास्तच असते कारण लोकांच्या फाइली जुन्या असतात आणि प्रोग्राम नवा होत राहतो. इंकस्केप २००३ साली सोडीपोडी या जुन्या प्रोग्राममधून वेगळं झालं, तेव्हापासूनच्या फाइली आजही लोक उघडतात आणि त्या तशाच दिसाव्यात अशी अपेक्षा असते. आता बघ, जानेवारी २०१७ मध्ये ०.९२ आलं आणि त्यात एक इंच म्हणजे ९० पिक्सेल होतं ते ९६ झालं, वेबपानांच्या सीएसएस या स्टँडर्डमध्ये ९६ आहे म्हणून. निर्णय बरोबरच होता. पण ९० पिक्सेल रुंद चौकोन आधी २५.४ मिलिमीटर छापला जायचा तो आता २३.८ मिलिमीटर झाला. स्क्रीनवर कुणाला पत्ता लागणार नाही, पण लेझर कटरवर लाकूड कापणाऱ्याचा खाचेत बसणारा भाग बसेनासा होतो. म्हणून मग जुनी फाइल उघडली की ही स्क्रीनसाठी आहे की छापण्यासाठी असं विचारणारा डायलॉग आणावा लागला. पुढे मे २०२० मध्ये १.० आलं तेव्हा वाय अक्ष उलटा झाला, म्हणजे शून्य आधी पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात होता तो वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला, आणि कमांड लाइनचे ऑप्शन पण बदलले, जुनं एक्सपोर्ट-पीएनजी जाऊन एक्सपोर्ट-फाइलनेम आलं. एवढ्या उलथापालथीत काय काय मोडलं हे माणूस डोळ्यांनी कसं बघणार?

शिवाय सगळंच इंकस्केपच्या हातात नाहीये. रंगवायचं काम कैरो नावाची लायब्ररी करते, अक्षरं पँगो आणि हार्फबझ जुळवतात, फ्रीटाइप त्यांचे पिक्सेल करतं. यातल्या कुणीही नवी व्हर्जन काढली की तुझ्या कोडला हात न लावता चित्र बदलू शकतं.

प्रश्न : (त्याच वाचकाकडून दुसरी मेल) बरं ताई, पटलं. पण सुरुवात कुठून करू? उबुंटू आहे माझ्याकडे. आणि एक्सपेक्टेड चित्र कुठून आणायचं?

उत्तर : तुझ्या बगला चित्र लागतच नाही, ही पहिली आनंदाची बातमी. तुझी तक्रार चित्र चुकीचं येतं अशी नाही, प्रोग्राम पडतो अशी आहे. मग टेस्ट एवढीच की ही फाइल दे, एक्सपोर्ट कर, प्रोग्राम नीट संपला का आणि पीएनजी तयार झाली का. बस. चित्राच्या टेस्टच्या मागे नवशिके उगाच धावतात, त्या सांभाळायला सगळ्यात महाग, जिथे आकड्यावर किंवा एक्झिट कोडवर (प्रोग्राम संपताना नीट संपला की नाही ते सांगणारा आकडा) भागतं तिथे चित्र आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सेटअप. गिटलॅबवरून सोर्स क्लोन करताना सबमॉड्यूलसकट (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपोंसकट) कर, तो रिकर्सचा ऑप्शन विसरलास तर बिल्ड मध्येच कुठेतरी अडतं आणि दोष भलतीकडे शोधत बसतोस. वेगळा बिल्ड फोल्डर, त्यात बिल्डची तयारी करणारं सीमेक, मग प्रत्यक्ष बिल्ड करणारं निंजा. पहिलं बिल्ड लांबतं, आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं सीकॅश टाकून ठेव म्हणजे दुसऱ्यांदा सुसह्य होतं. मग निंजा चेक म्हटलं की टेस्ट बांधल्या जातात आणि सीटेस्ट त्या चालवतं. रोज सगळ्या चालवायची गरज नाही, सीटेस्टला मायनस आर देऊन नावाचा तुकडा दिला की तेवढ्याच चालतात, आणि आउटपुट-ऑन-फेल्युअर दिलं की नापास झालेलीच बडबड करते, बाकीच्या गप्प.

सोर्समध्ये टेस्टफाइल्स नावाचा फोल्डर आहे. त्यात सी प्लस प्लसच्या युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या) आहेत त्या गूगलटेस्टवर चालतात, त्या आत्ता सोड. सीएलआय (कमांड लाइन) टेस्टचा फोल्डर बघ, तुझी टेस्ट तिथे जाणार. तिथल्या सीमेकच्या यादीत एकेका टेस्टची नोंद असते, नाव, कुठले पॅरामीटर द्यायचे, कुठली फाइल घ्यायची, काय बाहेर यायला पाहिजे. शेजारच्या दोन-तीन नोंदी वाच आणि तशीच तुझी लिही. आणि रेंडरिंग टेस्टचा वेगळा फोल्डर आहे, तिथे एसव्हीजी (इंकस्केपच्या चित्रांच्या फाइली) असतात आणि प्रत्येकीचं अपेक्षित चित्र दोन आकारांत, एक ९६ डीपीआयचं (इंचाला ९६ पिक्सेल) आणि एक ३८४ चं. दोन का, तर काही चुका झूम केल्यावरच दिसतात, फिल्टर आणि ब्लरच्या खास करून.

तुझी एसव्हीजी मात्र छोटी कर. एसव्हीजी शेवटी टेक्स्टच आहे, एडिटरमध्ये उघड, अर्धं उडव, अजून क्रॅश होतंय का बघ, होत असेल तर अजून अर्धं उडव, नसेल होत तर परत आण आणि दुसरं अर्धं उडव. असं करत दहा-पंधरा ओळींवर ये. त्यातच एक गोष्ट बघून घे, इंकस्केप फाइलमध्ये एक्सपोर्टचा पाथ साठवून ठेवतं, म्हणजे तुझ्या होम फोल्डरचं नाव त्यात लिहिलेलं असतं, ते काढून टाक. ही फाइल आता जगजाहीर होणार आहे. आणि कुणा क्लायंटचा लोगो त्यात असेल तर तो तर नकोच, साधा चौकोन काढ.

सगळं झालं की फिक्स तात्पुरता काढ, बिल्ड कर, टेस्ट चालव. ती नापास व्हायलाच पाहिजे. मग फिक्स परत टाक, आता पास व्हायला पाहिजे. पहिली पायरी बरेच जण खातात आणि मग कधीच नापास न होणारी टेस्ट प्रोजेक्टच्या गळ्यात बांधून मोकळे होतात. आणखी एक सापळा सांगून ठेवते, टेस्ट सुरू होताना आधीच्या रनची पीएनजी पुसून टाकली जातेय ना ते बघ, नाहीतर आज एक्सपोर्ट झालंच नाही तरी कालची फाइल तिथेच असते आणि टेस्ट खुशाल पास होते.

प्रश्न : नमस्कार. आम्ही एका छोट्या ओपन सोर्स ड्रॉइंग प्रोग्रामवर काम करतो, चौघं आहोत. चित्रांच्या टेस्ट लिहिल्यात, पण माझ्या मशीनवर पास आणि सहकाऱ्याच्या मशीनवर नापास. दोन्ही पीएनजी शेजारी ठेवून बघितल्या, तसूभर फरक दिसत नाही. आम्ही एमडीफाइव्ह (फाइलच्या बाइटवरून काढलेला ठसा) ताडतो. सीआयवर (दर बदलाला टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) तर रोज वेगळंच काहीतरी लाल, म्हणजे नापास असतं. टेस्ट काढून टाकाव्यात असं आता बहुमत व्हायला लागलंय. – एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुमत होऊ देऊ नका, एमडीफाइव्ह काढा. पीएनजी ही आवळलेली फाइल असते, आवळणाऱ्या लायब्ररीची व्हर्जन बदलली किंवा फाइलमध्ये तारीख लिहिली गेली की पिक्सेल तेच असून बाइट वेगळे. तुम्हाला फाइल सारखी हवीय की चित्र सारखं हवंय? चित्र. मग पीएनजी उलगडून पिक्सेल ताडा.

ते केलंत तरी थोडा फरक उरेलच. तिरप्या रेषेच्या कडेला जे राखाडी पिक्सेल असतात ते अपूर्णांकांच्या हिशोबातून येतात, काही प्रोसेसरवर गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात होते, काहींवर दोनदा राउंडिंग होतं, आणि १२७ च्या जागी १२८ येतो. डोळ्याला तो कधीच दिसणार नाही. म्हणून जगातल्या सगळ्या शहाण्या ग्राफिक्स प्रोजेक्टांनी काहीतरी सूट ठेवलीय, फक्त प्रत्येकाची सूट वेगळ्या प्रकारची आहे. इमेजमॅजिकच्या कंपेअरमध्ये फझ देता येतो, म्हणजे रंगात इतका फरक असला तर तो पिक्सेल सारखाच धर. ब्लेंडरवाले ओपनइमेजआयओ या लायब्ररीचं चित्रं ताडणारं टूल वापरतात, त्यात दोन आकडे असतात, एका पिक्सेलमध्ये किती फरक चालेल आणि असे फरकवाले पिक्सेल किती टक्के चालतील. गिंपच्या मागचं जे इंजिन आहे जीईजीएल, त्याची टेस्ट रंगातला फरक सीआयई लॅब या रंगपद्धतीत मोजते, म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती वेगळं वाटेल त्याच्या जवळ जाणारं माप.

तर मग सूट किती ठेवायची? इथे लोक एक सरसकट टक्का ठरवतात आणि फसतात. समजा चित्र १,००० गुणिले १,००० आहे, म्हणजे १० लाख पिक्सेल. तुम्ही म्हणालात ०.१ टक्का चालेल. म्हणजे १,००० पिक्सेल पूर्ण चुकले तरी टेस्ट पास. आता त्या चित्रात मराठी मजकूर आहे आणि अनुस्वाराचा ठिपका १२ गुणिले १२ चा आहे, म्हणजे फार तर १४४ पिक्सेल. असे सहा अनुस्वार गायब झाले तरी तुमची टेस्ट हिरवीगार राहील. 'अंगण'चं 'अगण' झालं आणि कुणाला पत्ता नाही! तेच चित्र १०० गुणिले १०० चं ठेवा, त्यात एकच अक्षर, तर तोच ठिपका जवळजवळ दीड टक्का होतो आणि लगेच पकडला जातो. तेव्हा सूट कमी करत बसण्याआधी कॅनव्हास लहान करा. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट, तीही चित्रभर पसरलेली.

आणि दोन प्रकारची सूट वेगवेगळी धरा. पुष्कळ पिक्सेल जरासे हलले तर ते बहुतेक वेळा राउंडिंग असतं. थोडे पिक्सेल खूप हलले तर काहीतरी हरवलंय किंवा नको तिथे आलंय. एका सरासरी आकड्यात हे दोन्ही मिसळतात आणि नेमकं दुसरं लपतं. म्हणून नुसती सरासरी ताडू नका.

पारदर्शक भागाकडे पण बघा. पूर्ण पारदर्शक पिक्सेलच्या खाली रंग काय लिहिलाय याला काही अर्थ नसतो, एका लायब्ररीत काळा असेल, दुसरीत पांढरा, दिसायला शून्य फरक. ताडण्याआधी दोन्ही चित्रं एकदा पांढऱ्यावर आणि एकदा काळ्यावर चिकटवा, मग ताडा. चित्रांचा आकारच वेगळा असेल तर पिक्सेलपर्यंत जाऊच नका, तिथेच नापास करा.

रोज वेगळं लाल होतंय त्याचं कारण बहुतेक फॉन्ट असणार, पैज लावते. तुमच्या मशीनवर एक फॉन्ट, सहकाऱ्याच्या दुसरा, सीआयच्या डब्यात कुठलाच नाही म्हणून तिसराच काहीतरी उचलला जातो. टेस्टसाठी लागणारे फॉन्ट सोर्समध्येच ठेवा आणि फॉन्ट शोधून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (प्रोग्राम सुरू करताना बाहेरून दिलेल्या सेटिंगने) सांगा की फक्त हाच फोल्डर बघ. जिथे मजकुराची जागा तपासायचीय, अक्षराचा आकार नाही, तिथे एहेम नावाचा फॉन्ट वापरा, त्यात जवळपास सगळी अक्षरं म्हणजे काळे चौकोन आहेत, वेब ब्राउजरवाले वर्षानुवर्षं वापरतायत. चौकोनाला हिंटिंगचा (अक्षरं पिक्सेलच्या जाळीत बसवण्याचा) त्रास नाही. तसंच युजरच्या स्वतःच्या सेटिंग टेस्टमध्ये शिरू देऊ नका, इंकस्केपच्या टेस्ट स्वतःचा वेगळा प्रोफाइल फोल्डर देऊन चालतात ते याचसाठी.

प्रश्न : ताई, मी फोंड्याला डिझाइनिंग करते, बोर्ड, पत्रिका वगैरे. कोडिंग येत नाही. माझ्याकडे 'किनाऱ्यावर' हा शब्द अपडेटनंतर कधी नीट येतो कधी नाही, कधी तो रफार होऊन वर जातो आणि 'किनार्यावर' दिसतं. बग रिपोर्टला उत्तर आलं की 'टेस्ट केस द्या'. स्क्रीनशॉट दिला, तो चालत नाही म्हणे. मी काय देऊ?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण ही टेस्ट मराठी माणसानेच द्यायला हवी. ऱ्य आणि र्य यातला फरक हार्फबझच्या परदेशी डेव्हलपरला नियम वाचून माहीत असेल, पण दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या चुकीचं दिसलं की आपल्याला जो झटका बसतो तो त्याला बसणार नाही.

स्क्रीनशॉट का चालत नाही तर त्यात चूक दिसते, पण ती कुठल्या अक्षरांच्या क्रमातून आली ते दिसत नाही. ही अर्धी र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एक, खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडणारं चिन्ह, आणि मग य. दोन्हींतून दिसायला एकच यायला पाहिजे. साधा र, हलन्त, य असं झालं आणि मधलं न दिसणारं चिन्ह गळलं की रफार होतो. तुमचं 'कधी येतं कधी नाही' बहुतेक यातच आहे, मजकूर कुठून कॉपी केला, कुठल्या कीबोर्डने टाइप केला, पेस्ट करताना ते चिन्ह टिकलं का. म्हणजे कदाचित इंकस्केपचा दोष नसेलही, पण असेल तर पकडायची रीत अशी.

एक नवी फाइल करा, त्यात फक्त 'ऱ्या' लिहा पहिल्या पद्धतीने. मोठ्ठं, पान भरून. दुसरी फाइल तशीच, त्याच जागी, त्याच साइजला, दुसऱ्या पद्धतीने. फॉन्ट दोन्हीकडे एकच आणि ओपन फॉन्ट लायसन्सचा घ्या, म्हणजे तो फाइलसोबत देता येतो. विकत घेतलेला फॉन्ट पाठवू नका, तो प्रोजेक्टला ठेवताच येणार नाही. आणि त्या फॉन्टमध्ये ही अर्धी र दिलेली आहे ना ते आधी बघून घ्या. आता टेस्ट काय, तर या दोन फाइलींची चित्रं एकमेकांशी ताडायची, ती सारखी असायलाच हवीत.

यातली गंमत बघा, कुठलंही जुनं चित्र जपून ठेवायला लागत नाही. फ्रीटाइप बदललं, कडेचे राखाडी पिक्सेल हलले, हलू देत, दोन्ही चित्रांत सारखेच हलतील. ब्राउजरच्या जगात याला रेफटेस्ट म्हणतात, मोझिलाच्या यादीत आधी 'बरोबर'चं चिन्ह (==) आणि मग दोन फाइलींची नावं असं लिहिलेलं असतं. वर ठाण्याचे वाचक आहेत ना, त्यांनीही जिथे जमेल तिथे हेच करावं, एकाच चित्राकडे जायचे दोन रस्ते शोधावेत. फिरवलेला चौकोन आणि तेच कोपरे हाताने लिहिलेला पाथ, क्लोन आणि डुप्लिकेट, असं.

त्या यादीत 'बरोबर नाही'चं (!=) पण चिन्ह असतं, आणि ते आपल्या कामाचं आहे. मराठीचा ल आणि श आपण वेगळ्या वळणाचे लिहितो, हिंदीचे वेगळे. काही देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही आकार दिलेले असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी सांगितली की मराठी आकार येतात. मग एकाच फाइलच्या दोन प्रती करा, एकीत भाषा मराठी, दुसरीत हिंदी, मजकूर 'शाल'. इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एक्सने एक्सएमएल एडिटर उघडतो, तिथे टेक्स्टच्या ओळीला एक्सएमएल-लँग हे ॲट्रिब्यूट देता येतं. असा दोन्ही आकारवाला फॉन्ट असेल तर ही चित्रं वेगळी यायला हवीत. सारखी आली तर कुणीतरी वाटेत भाषा गाळली.

दोष कुणाचा ते थोडं पुढे जाऊन शोधायचं असेल तर हार्फबझसोबत एचबी-व्ह्यू नावाची छोटी कमांड येते, तिला फॉन्ट आणि शब्द दिला की चित्र मिळतं. तिथेच चुकलं तर फॉन्ट किंवा हार्फबझ, आणि दुसऱ्या फॉन्टमध्ये बरोबर आलं तर मग फॉन्टच. तिथे ठीक, पँगो-व्ह्यूमध्ये पण ठीक आणि इंकस्केपमध्येच चुकतंय, तर तक्रार इंकस्केपकडे. एचबी-शेप नावाची जुळी कमांड चित्र न काढता कुठला आकार कुठे बसवला त्याची यादी देते, हार्फबझवाले स्वतःच्या टेस्ट त्याच यादीवर करतात. ती यादी रिपोर्टमध्ये चिकटवलीत तर वाचणारा तुमचे आभार मानेल. कोडिंग येत नाही म्हणालात, यात कोडिंग कुठे आहे? दोन छोट्या फाइली, एक फॉन्ट, आणि एक वाक्य की या दोन सारख्या दिसायला हव्यात. उरलेलं काम त्यांचं.

प्रश्न : मी ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (चित्र रेंडर करणाऱ्या भागात) एक छोटा बदल केला, लाइटच्या हिशोबात. ४० रेफरन्स इमेज (ताडायची अपेक्षित चित्रं) नापास झाल्या. बदल बरोबरच आहे, मला खात्री आहे. सगळ्या एकदम अपडेट करायची सोय आहे असं वाचलं. करू का?

उत्तर : सोय आहे. ब्लेंडर टेस्ट अपडेट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून सीटेस्ट चालवलं की नापास झालेल्यांची नवी चित्रं हीच आता खरी म्हणून ठेवली जातात. सोय इतकी सोपी आहे हीच काळजीची गोष्ट आहे. चाळीस चित्रांमध्ये अडतीस तुमच्या बदलाने बदलली असतील आणि दोन तुमच्या चुकीने, आणि त्या एका कमांडने ती चूकच यापुढे बरोबर उत्तर म्हणून नोंदली जाईल. त्यानंतर कुणी ती दुरुस्त केली तर त्याचीच टेस्ट नापास होईल.

बिल्ड फोल्डरमध्ये टेस्टच्या खाली एचटीएमएल रिपोर्ट तयार होतो, त्यात जुनं, नवं आणि फरकाचं चित्र शेजारी शेजारी दिसतं. चाळीसच्या चाळीस उघडून बघा. फरक तुमच्या लाइटच्या जागीच आहे का, की एखाद्या मटेरियलच्या कडेलाही काहीतरी चमकतंय? ज्या टेस्टमध्ये तुमचा लाइटच नाही ती बदललीच कशी? हे विचारल्याशिवाय अपडेट नको. आणि मर्ज करताना, चित्रं का बदलली ते स्पष्ट लिहा, नुसतं 'अपडेट रेफरन्सेस' लिहिणाऱ्यांना दोन वर्षांनी स्वतःलाही आठवत नाही.

प्रश्न : टेस्ट लिहिली, ती आजच्या कोडवर नापास होते, गेल्या रिलीजवर पास. मध्ये हजारभर कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) आहेत. नेमकं कुठे बिघडलं?

उत्तर : टेस्ट आहे ना, मग गिट बायसेक्ट, म्हणजे मधला कमिट तपासून दर वेळी अर्धे बाद करणारी गिटची कमांड. हजार कमिटमध्ये साधारण दहा पायऱ्यांत सापडतं कारण दर वेळी निम्मे गळतात. बायसेक्ट रनला एक स्क्रिप्ट द्या, ती बिल्ड करेल आणि टेस्ट चालवेल. एक्झिट कोड ० म्हणजे चांगलं, १ म्हणजे बिघडलेलं, आणि १२५ म्हणजे हा कमिट सोडून द्या. बिल्डच मोडलं तर १२५ परत करायला विसरू नका, नाहीतर बिल्ड मोडणाऱ्या कुणा गरिबावर तुमच्या बगचा आळ येतो. दहा वेळा पूर्ण बिल्ड करायचा जीव नसेल तर आधी रिलीज झालेल्या ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या तयार फाइली) उतरवून हाताने दोन-तीन ठिकाणी बघा, मधलं अंतर कमी होतं, मग बायसेक्ट. आणि टेस्टची फाइल रिपोच्या बाहेर ठेवा, जुन्या कमिटवर गेलं की ती गायब होते म्हणून गोंधळलेले खूप बघितलेत.

प्रश्न : माउसने ओढायच्या गोष्टींची टेस्ट कशी करायची? बटणं दाबणारा रोबोट लिहायचा का?

उत्तर : शक्यतो नको. इंकस्केपमध्ये १.० पासून ॲक्शन (नावाने द्यायच्या आज्ञा) आहेत, कमांड लाइनवर एकापुढे एक देता येतात, सगळं निवड, ऑब्जेक्टचा पाथ कर, या नावाने एक्सपोर्ट कर, अशा. ॲक्शन-लिस्ट म्हटलं की सगळ्यांची यादी येते. मेन्यूतून होणारं बरंचसं त्यातून टेस्ट होतं. निकाल बघायलाही चित्र लागत नाही, क्वेरी-ऑल दिलं की प्रत्येक ऑब्जेक्टची आयडी, जागा, रुंदी, उंची आकड्यांत येते, आकडे ताडा, शेवटच्या दशांशाला थोडी सूट देऊन. ओढायच्या टूलचं म्हणाल तर कोडमध्येच हिशोब आणि माउस वेगळे करा, हिशोबाला युनिट टेस्ट लिहा. खिडकी उघडल्याशिवाय चालतच नाही असं काही असेल तर एक्सव्हीएफबीचा खोटा स्क्रीन आहे, पण बटण दहा पिक्सेल सरकलं की मोडणाऱ्या टेस्ट सांभाळायला माणूस लागतो, तुमच्याकडे आहे का तो?

प्रश्न : आमची एक टेस्ट पाचातून एकदा नापास होते. रीट्राय लावलाय, म्हणजे नापास झाली की आपोआप परत चालते. चालेल?

उत्तर : नाही. आधी रँडम कुठून येतंय ते शोधा. एसव्हीजीच्या टर्ब्युलन्स फिल्टरचं (ढगाळ पोत काढणाऱ्या) गणित स्टँडर्डमध्येच कोडसकट दिलंय आणि सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) फाइलमध्ये असतो, म्हणजे तिथे दर वेळी तेच यायला हवं. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये वेळेवरून सीड घेतला जात असेल तर टेस्टमध्ये तो ठरावीक करा. मग एकाच थ्रेडवर शंभरदा चालवा. तरी हलतंय तर न भरलेली मेमरी वाचली जात असेल, व्हॅलग्रिंड किंवा सॅनिटायझर ही मेमरीच्या चुका पकडणारी टूल लावून बघा. एका थ्रेडवर हलत नाही आणि चार थ्रेडवर हलतंय तर टेस्टमध्ये खोट नाही, प्रोग्राममध्ये रेस कंडिशन (थ्रेडांपैकी कोण आधी पोचतो त्यावर निकाल बदलणं) आहे, आणि तुमच्या युजरलाही पाचातून एकदा तेच दिसत असणार. रीट्राय काढा आणि तो बग म्हणून नोंदवा.